नकाशावरचा डा३ आणि ट्रेमधला डा३ एकच आहे का? गर्भांच्या खुणा जुळेनाशा होतात तेव्हा

लक्षण नेहमीचंच आहे. ई१४.५ ला (गर्भधारणेच्या साडेचौदाव्या दिवशी) माऊसच्या मादीवर शस्त्रक्रिया केली, काही गर्भांना इंजेक्शन दिलं, काही मुद्दाम तसेच सोडले आणि वहीत नकाशा काढला: डावीकडचे डा१, डा२, उजवीकडचे उ१, उ२. चार दिवसांनी पोट उघडलं तर एक गर्भ कमी भरतो. किंवा संख्या बरोबर भरते, पण ज्याला हातही लावला नव्हता त्याच्याच मेंदूत जीएफपी (खूण म्हणून वापरलं जाणारं हिरवं चमकणारं प्रथिन) चमकतो. मग सगळे खुणेला दोष देतात: शाई पसरली असेल, टाका निसटला असेल, रंग उतरला असेल. खूण बहुतेक वेळा जागच्या जागी असते. चुकलेली असते ती मोजणी, नाहीतर डावं-उजवं.

असं म्हणायला शरीररचनेचा आधार आहे. माऊस आणि रॅटच्या गर्भाशयाला दोन लांब हॉर्न असतात. प्रत्येक हॉर्नचं एक टोक अंडाशयाशी आणि दुसरं सर्व्हिक्सशी (गर्भाशयाच्या मुखाशी) बांधलेलं असतं. गर्भ त्यात माळेतल्या मण्यांसारखे ओळीने बसलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर हॉर्न पोटात कसंही परत ढकललं, त्याला पीळ पडला किंवा ते आतड्याखाली गेलं, तरी एक मणी दुसऱ्याला ओलांडून जात नाही. ओळ तीच राहते. ती मोडते फक्त प्रसूतीच्या वेळी. म्हणून क्रमांक जुळत नसतील तर गर्भ हलला असेल हा तर्क आधी बाजूला ठेवा आणि खालच्या क्रमाने तपासत जा.

आधी डावं-उजवं तपासा

मादी उताणी आहे आणि तिचं डोकं तुमच्यापासून लांब आहे, अशा वेळी तिचं डावं हॉर्न तुमच्या उजव्या हाताला येतं. डोकं तुमच्याकडे असेल तर ते तुमच्या डाव्या हाताला येतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देणाऱ्या मास्कची नळी जिकडून येते तिकडे डोकं ठेवावं लागतं. सिझेरियनच्या दिवशी मास्क नसतो, त्यामुळे मादी सोयीने ठेवली जाते. दिशा इथेच उलटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय साधा आहे. नकाशावर नेहमी मादीचं डावं लिहायचं, बघणाऱ्याचं नाही. कागदावर मादीची बाह्यरेखा आधीच छापून ठेवा, नाक वरच्या बाजूला आणि डाव्या कानाशी ठळक 'डा'. शस्त्रक्रियेच्या वेळी कागदही मादीच्याच दिशेने फिरवून ठेवायचा.

याहून वाईट चूक गर्भाशय कापून बाहेर काढताना होते. दोन्ही अंडाशयं आणि सर्व्हिक्स कापून गर्भाशय डिशमध्ये ठेवलं की डावं-उजवं ओळखायला काहीच उरत नाही, कारण इंग्रजी वाय अक्षरासारखा तो तुकडा पालथा पडला तरी दिसायला तसाच दिसतो. म्हणून कापण्यापूर्वी डाव्या अंडाशयाच्या टोकाला रंगीत धाग्याची गाठ मारा किंवा छोटा क्लॅम्प लावा, आणि तो शेवटपर्यंत काढू नका. संख्या जुळते पण दोन्ही हॉर्नची माहिती जशीच्या तशी अदलाबदल झालेली दिसते, अशी तक्रार असेल तर कारण जवळपास नक्की हेच असतं.

मोजणी कुठून सुरू केली होती?

सर्व्हिक्सकडून मोजायचा मोह होतो, कारण मध्यभागी छेद घेतल्यावर तो भाग समोर असतो. पण सर्व्हिक्सलगतचा गर्भ मूत्राशयाच्या मागे, खोल बसलेला असतो आणि तो ओढून बाहेर काढणं बरंही नाही. तो नजरेतून सुटला तर त्या हॉर्नमधले सगळेच क्रमांक एकाने सरकतात. अंडाशयाचं टोक मात्र अलगद बाहेर येतं आणि त्यापलीकडे गर्भ असूच शकत नाही. म्हणून डा१ आणि उ१ नेहमी अंडाशयाकडचे धरा आणि सर्व्हिक्सकडे मोजत या. शेवटचा गर्भ दिसला नाही तरी आधीचे क्रमांक बिघडत नाहीत. नकाशावर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने आकडा लिहू नका.

काही प्रयोगशाळा डावीकडचे १ ते ५ आणि उजवीकडचे पुढे ६ पासून असे सलग क्रमांक देतात. गर्भातल्या विकृतींच्या अभ्यासात ही पद्धत रूढ आहे आणि ती चुकीची नाही. पण दोन वेळा मोजायचं असेल तेव्हा ती घातक ठरते, कारण डावीकडे एक चूक झाली की उजवी बाजूही बिघडते. दोन्ही हॉर्नचे क्रमांक स्वतंत्र ठेवले तर चूक एका हॉर्नपुरती राहते.

विरघळलेला गर्भ क्रमांक घेऊन जातो

काही गर्भ मरतात आणि हळूहळू विरघळून शोषले जातात. खरा घोळ इथे असतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

समजा ई१४.५ ला डाव्या हॉर्नमध्ये चार गर्भ होते. डा१ आणि डा३ ला इंजेक्शन, डा२ आणि डा४ तुलनेसाठी. ई१८.५ ला तिथे तीन जिवंत गर्भ दिसतात. घाईत ते डा१, डा२, डा३ असे नोंदवले जातात. पण मेलेला गर्भ डा२ असेल तर दुसरा जिवंत गर्भ खरं तर डा३ आणि तिसरा डा४. म्हणजे इंजेक्शन दिलेला गर्भ तुलनेच्या गटात गेला आणि तुलनेचा इंजेक्शनच्या गटात. एका मृत गर्भाने दोन नमुने उलटे केले, आणि आकडेवारीत ते फक्त 'परिणाम कमी दिसतोय' म्हणून उमटतं.

म्हणून नियम हा: क्रमांक जागेला द्यायचा, जिवंत गर्भाला नाही. ई१४ नंतर मेलेला गर्भ ई१८.५ ला सहसा सापडतो. फिकट, लिबलिबीत, आक्रसलेला गर्भ किंवा तपकिरी-काळपट गाठ, आणि सोबत पांढुरकी पडलेली वार (प्लासेंटा). त्याही आधी मेला असेल तर उरते फक्त काही मिलिमीटरची गडद गाठ, ती दोन फुगलेल्या पिशव्यांच्या मध्ये दबून जाते. बोटाने हॉर्न हळूच ताणून प्रत्येक दोन गर्भांमधली जागा बघा, आणि तीही प्रकाश मागून सोडून.

तरीही शंका उरली तर अमोनियम सल्फाइड वापरा. गर्भ आणि वारा काढून घेतल्यावर ताजं गर्भाशय, फॉर्मलिनमध्ये न घातलेलं, १० टक्के द्रावणात साधारण १० मिनिटं बुडवा. रोपणाच्या जागी (जिथे गर्भ रुजला होता तिथे) साठलेल्या लोहाची सल्फाइडशी अभिक्रिया होऊन त्या जागा निळसर-काळ्या उमटतात. डोळ्याला काहीच न दिसणाऱ्या जुन्या जागाही कळतात. हे काम फ्यूम हुडमध्येच (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करायचं. द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो विषारी आहे, आणि आम्लाशी संपर्क आला तर झपाट्याने सुटतो. सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नका. त्या वायूने नाकच बधिर होतं.

उलटही घडतं. ई१४.५ च्या नकाशात तीन, आणि ई१८.५ ला चार. नवा गर्भ आलेला नसतो. सर्व्हिक्सकडचा एक आधी सुटलेला असतो.

खुणा कमी करा, वाढवू नका

प्रत्येक गर्भाला वेगळी खूण द्यायची ही कल्पना ऐकायला चांगली वाटते, पण प्रत्येक खूण म्हणजे गर्भाशयाला आणखी एक भोक, आणि प्रत्येक भोकाबरोबर द्रव गळण्याचा आणि गर्भ गमावण्याचा धोका. ओळ स्वतः बदलत नसेल तर प्रत्येक हॉर्नमध्ये एकच पक्की खूण पुरते. त्या खुणेच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती, हे दोन आकडे नकाशाशी ताडले की गळती कुठल्या बाजूला झाली ते कळतं.

यासाठी टाका सर्वांत भरवशाचा. ७-० किंवा ८-० जाडीचा, निळा, एकपदरी पॉलिप्रोपिलीन धागा आणि गोल टोकाची सुई घ्या. कापणाऱ्या धारेची सुई नको, तिने भित्तिका फाटते. टाका दोन गर्भांमधल्या अरुंद जागेत घ्यायचा, गर्भावर नाही. आणि तो मेसोमेट्रियमच्या (हॉर्नला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूला, कारण रक्तवाहिन्या आणि वार मेसोमेट्रियमच्या बाजूला असतात. भित्तिकेचा फक्त वरचा थर उचला, गाठ सैल ठेवा आणि टोकं दोन मिलिमीटर सोडून कापा. पुढच्या चार दिवसांत हॉर्न बरंच फुगतं, त्यामुळे घट्ट गाठ तिथे काचते. जागा ठरलेली असावी, उदाहरणार्थ नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या गर्भाच्या मध्ये. ई१४.५ ला या मधल्या जागा स्पष्ट दिसतात. पुढे फुगवटे एकमेकांना भिडतात आणि सुईला जागा शोधावी लागते, म्हणून उशिराच्या शस्त्रक्रियेत हे अवघड जातं.

टाका सापडत नाही अशी तक्रार येते ती बहुधा रेशमाच्या धाग्याबद्दल. रेशीम ऊतींना चिडवतं, भोवती चरबी आणि पडदा चिकटतो आणि काळी गाठ त्यात गाडली जाते. ओढून सोडवायला गेलं की हॉर्न फाटतं. विरघळणारा धागाही नको. खुणेचं कामच टिकून राहण्याचं आहे.

कार्बन शाईचा ठिपका हा दुसरा पर्याय, ई१६.५ च्या पुढे. त्याआधी त्वचा फार पातळ असते. शाई निर्जंतुक आणि लाख किंवा फिनॉलसारखे संरक्षक नसलेली हवी. वापरण्यापूर्वी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कारण सलाइनमधल्या क्षारांमुळे कार्बनच्या गुठळ्या होऊ शकतात आणि कॅपिलरी (इंजेक्शनची बारीक काचनळी) तुंबते. गुठळ्या दिसल्या तर सेंट्रिफ्यूज करून वरचा भाग घ्या. प्रमाण एक मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको. जागा शेपटीच्या बुडाशी पाठीवर. पंजा गर्भाशयाच्या भित्तिकेतून नेमका साधत नाही.

ठिपका नीट बसला की कडा रेखीव दिसतात. धुरासारखा ढग दिसला तर शाई त्वचेत न जाता पिशवीतल्या द्रवात गेली. मग ई१८.५ ला अख्खं अंग मळकट दिसतं, आणि गर्भ तो द्रव गिळतो म्हणून आतड्यातही काळेपणा दिसू शकतो. अशा गर्भाची खूण रद्द समजा आणि त्याच वेळी वहीत तसं लिहा. सुई काढल्यावर द्रव गळताना दिसला तर तोही लिहा. तो गर्भ पुढे विरघळला तर कारण आधीच हातात असेल.

काळ्या केसांच्या जातीत पाठीवरचा ठिपका जन्मानंतर काही दिवसांतच रंगद्रव्य आणि केसांखाली दिसेनासा होतो. त्यामुळे त्याचं काम सिझेरियनपर्यंतचं. पुढची ओळख पंजाच्या टॅटूने पटवायची.

रंगांबद्दल थोडक्यात. फास्ट ग्रीन इंजेक्शन योग्य जागी गेलं का हे बघण्यापुरता आहे, खूण म्हणून तो टिकत नाही. ट्रिपॅन ब्लू गर्भात विकृती घडवतो हे रॅटमध्ये फार पूर्वीच दिसून आलेलं आहे, तेव्हा तो हातातही घेऊ नका. मिथिलीन ब्लूचा धडा माणसांकडून मिळाला: जुळ्यांच्या अम्नियोसेंटेसिसमध्ये (सुईने गर्भजल काढण्याच्या तपासणीत) पिशव्या वेगळ्या ओळखायला तो वापरला गेला आणि बाळांमध्ये लहान आतडं बंद असण्याचा दोष आढळला, म्हणून तो वापर थांबला. 'फक्त रंगच तर आहे' हे गर्भाच्या बाबतीत खरं नसतं.

आणि चमक. इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने पेशींत डीएनए घालणं) करत असाल तर जीएफपी ही आयती खूण वाटते. नवजात पिल्लाची कवटी आणि त्वचा पातळ असते, त्यामुळे साधारण ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात आणि योग्य फिल्टरच्या चष्म्यातून मेंदूतली चमक बाहेरून दिसते. पण ती प्लाझमिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) पोहोचलं एवढंच सांगते, क्रमांक सांगत नाही. आणि न चमकणारं पिल्लू तुलनेचं आहे की त्याचं इलेक्ट्रोपोरेशन फसलं, हे चमकेवरून कधीच ठरत नाही. फसलेल्यांना तुलनेच्या गटात टाकणं ही सरसकट होणारी चूक आहे. तुलनेच्या गर्भांना वेगळ्या रंगाचं रिकामं प्लाझमिड दिलं, उदाहरणार्थ लाल चमकणाऱ्या टीडीटोमॅटोचं, तर 'काहीच दिसत नाही' हा तिसरा, बाद करायचा गट होतो. त्वचा आणि पोटातलं दूध स्वतःही थोडं चमकतं, म्हणून इंजेक्शन न दिलेलं एक पिल्लू शेजारी ठेवूनच निर्णय करा.

हे सगळं करताना गर्भाशय पोटाबाहेर ३० मिनिटांपेक्षा जास्त नको आणि ते सतत ३७ अंश सेल्सिअसच्या सलाइनने ओलं हवं. सर्व्हिक्सलगतच्या गर्भांना हात लावू नका, तिथल्या छेडछाडीने अख्खा गर्भपात होण्याचा धोका वाढतो. शाई किंवा टाका वापरणार असाल तर तुमच्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीत तो लिहिलेला हवा. खूण हीसुद्धा एक प्रक्रियाच आहे. त्याच कारणाने ती फक्त इंजेक्शनवाल्या गर्भांना देऊ नका, नाहीतर खुणेचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होईल.

सकाळी पिंजऱ्यात पिल्लं आधीच जन्मलेली

मग नकाशा संपला. दोन हॉर्नमधली पिल्लं एकाच मार्गाने येतात आणि त्यांचा क्रम आधी सांगता येत नाही. त्यातून मादीने मेलेली किंवा जखमी पिल्लं खाल्ली असतील तर संख्याही विश्वासाची राहत नाही. क्रमांक हवे असतील तर सिझेरियनला पर्याय नाही.

प्रसूती हातून निसटते ती बहुधा दिवस मोजण्यातल्या फरकामुळे. प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारा गोळा) दिसला त्या दुपारी कुणी ई०.५ म्हणतं, कुणी तो दिवस शून्य धरतं, कुणी एक. जन्म माऊसमध्ये साधारण १९ ते २० दिवसांनी, रॅटमध्ये २१ ते २३ दिवसांनी. जातीप्रमाणे थोडं पुढे-मागे. पिंजऱ्याच्या कार्डावर 'ई१८' न लिहिता प्लगची तारीख आणि सिझेरियनची तारीख लिहा. प्रोजेस्टेरॉन देऊन प्रसूती लांबवता येते, पण मग ते तुलनेच्या माद्यांसह सर्वांना सारखंच द्यावं लागतं.

कात्री आणि ट्रे यांच्या मधली दोन मिनिटं

जिवंत पिल्लं हवी असतील तर मादीच्या मृत्यूनंतर हातात मोजकी मिनिटं असतात. एकेका गर्भाशेजारी टाचणीने क्रमांकाची चिठ्ठी लावत बसलात तर क्रमांक अचूक आणि पिल्लं मेलेली, अशी गत होते. चिठ्ठ्या फक्त फिक्स करायच्या (रसायनात जतन करायच्या) नमुन्यांसाठी. जिवंतांसाठी दोन माणसं लागतात. एक कापतो आणि मोठ्याने क्रमांक म्हणतो, दुसरा तोच क्रमांक परत म्हणून गर्भ त्याच क्रमांकाच्या खान्यात ठेवतो.

आधी हॉर्न पसरून, डाव्या टोकाचा क्लॅम्प दिसेल असा एक फोटो घ्या. त्याला दहा सेकंदं लागतात आणि पुढचे सगळे वाद मिटतात. मग डा१ पासून सुरुवात. विरघळलेल्या जागेचा क्रमांकही उच्चारायचा आणि तो खाना रिकामा ठेवायचा. ट्रे म्हणजे सहा खान्यांच्या दोन प्लेट, एक डावीसाठी, एक उजवीसाठी, ३७ अंशांच्या पॅडवर. क्रमांक खान्याच्या तळाशी लिहा. झाकणावर लिहिलात तर झाकण उलटं बसलं की सगळं उलटं. वारही त्याच खान्यात जाते.

पिशवी काढा, तोंड-नाक पुसा, श्वास सुरू होईपर्यंत मऊ कापसाने घासत राहा. सव्वा ग्रॅमचं पिल्लू गुलाबी झालं की वळवळत खान्याच्या कडेवरून शेजारी जातं, हे लक्षात ठेवा आणि खोल खाने घ्या. श्वास स्थिर झाल्यावर ट्रेमध्येच पंजाच्या तळव्यावर टॅटू. आधी टॅटू, मग दाई-मादी (पिल्लं पाजणारी दुसरी मादी). 'सगळी झाली की एकदम करू' म्हणून पिल्लं एका गॉझवर गोळा केली की चार दिवस सांभाळलेला क्रम त्या गॉझवर संपतो. जीनोटाइपसाठी (जनुकीय तपासणीसाठी) ऊती घ्यायची तर तीही त्याच वेळी, त्याच क्रमांकाच्या ट्यूबमध्ये.

दाई-मादी वेगळ्या रंगाच्या जातीची निवडा. तिची पिल्लं पांढऱ्या जातीची आणि तुमची काळ्या जातीची असतील तर जन्माच्या दिवशीही फरक दिसतो: बंद पापणीखालून काळ्या जातीचे डोळे गडद दिसतात, पांढऱ्या जातीचे नाहीत. दुसऱ्या सकाळी टॅटू वाचून यादी करा. गायब झालेला क्रमांक त्या दिवशीच लिहिला नाही तर तीन आठवड्यांनी तो 'टॅटू फिका पडला' या सदरात जातो.

अल्ट्रासाऊंडने रोज तोच गर्भ बघायचा असेल तर

शस्त्रक्रियेशिवाय ते फक्त दोन गर्भांच्या बाबतीत जमतं: मूत्राशयाच्या लगत, दोन्ही हॉर्नमधला सर्व्हिक्सकडचा पहिला. मूत्राशय हाच पक्का संदर्भबिंदू. तिथून पुढे हॉर्नच्या घड्या रोज बदलतात आणि 'कालचा तिसरा' आज सापडेलच असं नाही. म्हणून क्रमवार मापनं या दोघांपुरतीच ठेवा, आणि सर्व्हिक्सकडून मोजल्याचं वहीत स्पष्ट लिहा. शस्त्रक्रियेच्या नकाशात मोजणी अंडाशयाकडून असते, त्यामुळे अल्ट्रासाऊंडचा पहिला म्हणजे नकाशावरचा शेवटचा.

नवीन पद्धत सुरू करताना

तीन-चार माद्यांवर आंधळी चाचणी घ्या. एकाने शाईचे ठिपके ठरावीक जागी द्यायचे, उदाहरणार्थ डा२ आणि उ३, आणि नकाशा पाकिटात बंद करायचा. दुसऱ्याने सिझेरियन करून स्वतःचा नकाशा काढायचा, त्यात विरघळलेल्या जागाही दाखवायच्या. मग पाकीट उघडा. विसंगती कुठल्या प्रकारची आहे त्यावरून कारण कळतं: दोन्ही हॉर्न अदलाबदल झाले तर दिशा चुकली, एका हॉर्नमधले एका जागेपुढचे सगळे क्रमांक सरकले तर विरघळलेली जागा सुटली, आणि नुसतेच दोन शेजारी उलटे झाले तर गडबड गर्भाशयात नव्हे, ट्रेमध्ये झाली.